अंगणातलं तण: उपटण्याआधी ओळखायचं कसं, ठेवायचं काय आणि खायचं कधी

पावसाळ्यात अंगणात, सोसायटीच्या भिंतीकडेला, कुंड्यांमध्ये आपोआप उगवणाऱ्या झाडांची ओळख करून घ्यावी असं बऱ्याच जणांना वाटतं. गडबड होते ती क्रमात. आधी सगळं उपटलं जातं आणि मग कोमेजलेल्या ढिगाचा फोटो काढून ‘हे काय आहे?’ असं विचारलं जातं. नाहीतर मोबाइलने एखादं नाव सांगितलं की त्याच संध्याकाळी भाजी फोडणीला पडते. घोळ समजून नायटी खुडणारे आणि टाकळा म्हणून कासविंदा घरी आणणारे दर वर्षी भेटतात.

खरी अडचण वेगळीच आहे. यातल्या पालेभाज्या खायच्या त्या कोवळ्या, फूल यायच्या आधी. आणि नवख्या माणसाची खात्री पटते ती फूल आल्यावर. म्हणजे खाण्याजोगं असतं तेव्हा ओळख पक्की नसते आणि ओळख पक्की होते तेव्हा पान निबर झालेलं असतं. यावर एकच उपाय आहे: दोन पावसाळे. पहिल्यात फक्त बघायचं, दुसऱ्यात खुडायचं. ज्यांना इतका धीर नाही त्यांनी जुलैत मंडईत जावं, टाकळा आणि कुर्डू तिथे जुड्या बांधून मिळतात.

पुढचे टप्पे याच क्रमाने करा. महाराष्ट्र आणि गोव्यातलं घराजवळचं तण डोळ्यांसमोर ठेवून ते लिहिले आहेत. डोंगर-जंगलातल्या रानभाज्यांचा मामला वेगळा, त्याला वाटाड्या लागतो.

टप्पा १: मे महिन्यात जागा राखून ठेवा

एक मीटर लांब, एक मीटर रुंद एवढी जागा पुरते. त्याहून मोठी घेतली तर पहिल्याच वर्षी हाताबाहेर जाते. गच्ची असेल तर गेल्या वर्षीची माती असलेल्या तीन-चार पसरट कुंड्या घ्या.

जागा निवडताना आधी हे बघा की तिथे गेल्या दोन-तीन वर्षांत तणनाशक मारलेलं नाही. सोसायट्यांमध्ये कुंपणाच्या कडेने ते सर्रास मारतात आणि कुणाला सांगत नाहीत, तेव्हा विचारूनच घ्या. सांडपाण्याचा पाट, गाड्या उभ्या राहतात तो कोपरा आणि कुत्र्यांची ठरलेली जागा टाळा. निदान चार तास ऊन हवं, सावलीत घोळ येत नाही. घराच्या भिंतीला अगदी चिकटून जागा घेऊ नका.

जागा ठरली की तिथलं काहीही खणू नका, उकरू नका आणि मुख्य म्हणजे नर्सरीतून आणलेली लाल माती तिथे टाकू नका. त्या मातीतून कुठकुठल्या बिया येतात आणि तुम्ही त्या आपल्या अंगणातल्या म्हणून नोंदवत बसता.

चार कोपऱ्यांवर बांबूच्या काड्या रोवून रंगीत सुतळी बांधा. मग माळीकाकांशी बोला. हे बोलणं सुतळीपेक्षा महत्त्वाचं आहे. ‘इथलं काढायचं नाही’ एवढंच सांगितलंत तर पहिल्या पावसानंतर ते जागा लख्ख करून ठेवतील, कारण स्वच्छ जागा दाखवणं हेच त्यांचं काम आहे. ‘गणपतीच्या पत्रीसाठी आणि भाजीसाठी राखलंय’ असं सांगा, लगेच पटतं. बहुतेक वेळा त्यांनाच तुमच्यापेक्षा जास्त झाडं ठाऊक असतात, आणि पुढे चौथ्या टप्प्यात तुम्हाला त्यांच्याकडेच जायचं आहे.

शेजाऱ्यांचा पहिला आक्षेप सापांचा असतो. तो उडवून लावू नका. जागेत विटा, फांद्या, राडारोडा साठू देऊ नका, कडेने हातभर पट्टा दर पंधरवड्याला कापून मोकळा ठेवा आणि पाणी साचणारी डबडी-करवंट्या उचला. एवढं केलं की बैठकीत सांगायला उत्तर असतं.

सामान असं: खुरपं, हातमोजे, दहापट मोठं दाखवणारं भिंग, पट्टी, वही आणि रद्दी वर्तमानपत्रं. भिंगाला फाटा देऊ नका. पुढे ज्या खुणा सांगितल्या आहेत त्यातल्या काही त्याच्याशिवाय दिसत नाहीत.

तपासणी: मे संपताना जागेची माती तशीच, सुतळी बांधलेली आणि माळ्याशी बोलणं झालेलं. तिन्ही असतील तरच पुढे.

टप्पा २: पहिले तीन आठवडे हात मागे

पाऊस सुरू झाल्यावर चार-सहा दिवसांत रोपं दिसायला लागतात. दर तीन दिवसांनी एकाच कोनातून, शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा. एकसारखी दिसणारी रोपं असतील त्यातल्या दोघांजवळ काडी रोवून क्रमांक द्या: १, २, ३. नाव लिहू नका. एकदा वहीत ‘टाकळा’ लिहिलं की पुढे डोळे टाकळाच बघतात, समोर काहीही असो.

या फोटोंची किंमत पुढच्या वर्षी कळते. क्रमांक ४ ला ऑगस्टमध्ये फूल आलं आणि तो कुर्डू निघाला, की जूनमधलं त्याचं बोटभर रूप तुमच्याकडे तारखेसह असतं. दुसऱ्या वर्षी कोवळं झाड ओळखायचं ते याच्याच बळावर.

या काळात उपटायचं फक्त एक, गाजरगवत. त्याची पानं सुरुवातीला जमिनीला चिकटून गोल पसरतात, गाजराच्या पानासारखी बारीक कातरलेली, फिकट हिरवी आणि लवदार. मधून दांडा वर आला की पुढे त्यावर पांढऱ्या बारीक फुलांचे घोस येतात. एका झाडाला हजारो बिया धरतात, म्हणून ते फुलण्याआधी, माती ओली असताना, मुळासकट काढायचं. हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घाला. त्याने अंगावर पुरळ उठतं, काहींना दमाही होतो.

सावधान: झेंडू आणि कॉसमॉसची रोपंही कातरलेल्या पानांची असतात. झेंडूचं पान चुरगळलं की झेंडूचाच वास येतो. पण चुरगळायचं ते मोजे घालून.

टप्पा ३: ओळख

या टप्प्यावर सगळ्यात जास्त वेळ द्या. प्रत्येक क्रमांकाच्या झाडाला पाच प्रश्न विचारायचे आणि उत्तरं वहीत लिहायची.

पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक? दांडा गोल, चौकोनी, लवदार की गुळगुळीत? पान तोडल्यावर चीक येतो का, आणि कुठल्या रंगाचा? चुरगळल्यावर वास कसा? फूल कुठे येतं, किती पाकळ्यांचं, किती वाजता उघडतं?

शेवटचा प्रश्न लोक गाळतात. पण केन्याचं निळं फूल सकाळी उमलतं आणि दुपारपर्यंत विरघळल्यासारखं होतं. घोळाचं पिवळं फूल उन्हात काही तास उघडतं. संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर बघणाऱ्याला दोन्ही झाडं कधीच फुललेली दिसत नाहीत. सकाळी आठ ते दहा ही वेळ धरा, रविवार तर रविवार.

आता ज्या जोड्यांमध्ये गल्लत होते त्या बघू.

घोळ आणि नायटी. दोन्ही जमिनीवर पसरतात, दोन्हीचे दांडे तांबूस. घोळाचा दांडा मांसल असतो, नखाने दाबला की पाणी सुटतं. पान जाड, गुळगुळीत, टोकाकडे रुंद. नायटीचा दांडा बारीक, तारेसारखा, आणि तोडला की लगेच पांढरा चीक. हा चीक कातडीला त्रास देतो, डोळ्यात गेला तर फारच. घोळाला चीक कधीच नसतो. तेव्हा घोळ खुडताना पहिल्या काही काड्या मोडून बघायच्याच, कारण नायटी त्याच्याच गर्दीत वाढते. घोळाची पिकलेली बोंडी भिंगाखाली धरून नखाने हलकेच टोचा. वरचं अर्धं टोपण अलगद निघतं आणि आत काळ्या बियांचा चुरा दिसतो. ही खूण एकदा बघितली की विसरत नाही.

तिसरा एक भिडू आहे, विषखापरा. तोही मांसल आणि पसरणारा. पण त्याची पानं जोडीने येतात आणि जोडीतलं एक मोठं, दुसरं लहान असतं. फूल गुलाबी किंवा पांढरं, पिवळं नाही. तो खाण्यात घेऊ नका.

टाकळा आणि कासविंदा. टाकळ्याच्या पानाला पर्णिकांच्या, म्हणजे एकाच देठावरच्या छोट्या पानांच्या, तीन जोड्या, टोकाची जोडी सगळ्यात मोठी आणि प्रत्येक पर्णिकेचं टोक गोलसर. कासविंद्याला जोड्या जास्त, साधारण चार ते सहा, आणि पर्णिका टोकदार. एवढ्यावर भागतं, पण रोप लहान असताना भागत नाही. तेव्हा भिंग काढा. टाकळ्याच्या पानात तळाकडच्या पर्णिकांच्या जोडीच्या मधोमध, देठावर टाचणीच्या टोकाएवढी उभी ग्रंथी, म्हणजे बारीक गाठ, दिसते. कासविंद्याची ग्रंथी देठाच्या अगदी बुडाशी, खोडाजवळ असते. कासविंद्याच्या बिया विषारी आहेत आणि मुलांना तर जिवावर बेततात, म्हणून ही ग्रंथी बघण्याचा कंटाळा करायचा नाही.

टाकळ्याच्या पर्णिका सूर्य मावळल्यावर मिटतात. पण कासविंदा आणि त्यांची बाकीची भावंडंही तेच करतात, तेव्हा ‘रात्री मिटतो म्हणजे टाकळा’ ही खूण कामाची नाही. ही चूक फार पसरलेली आहे.

माठ, काटेमाठ आणि मध्येच धोतरा. काटेमाठाला पानाच्या बगलेत दोन-दोन काटे असतात, बोट फिरवलं की कळतं. ते सोपं आहे. काळजी धोतऱ्याची. त्याची कोवळी रोपं माठाच्या गर्दीत उगवली आणि मूठभर पाला एकदम उपटला, तर दोन पानं त्यात जाऊ शकतात. धोतऱ्याचं पान मऊ, रुंद, बुडाशी दोन्ही बाजूंनी असमान आणि चुरगळलं की उग्र, नकोसा वास. म्हणून मुठीने उपटायचं नाही, एकेक शेंडा खुडायचा.

सावधान: रानातला पाला खाल्ल्यावर तोंड कोरडं पडणं, बाहुल्या मोठ्या होणं, असंबद्ध बोलणं यातलं काही दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका. थेट रुग्णालय गाठा आणि उरलेला पाला सोबत न्या.

केना. याचं पान रुंद, बुडाशी खोडाला गुंडाळलेलं, आणि त्या गुंडाळीच्या काठावर तांबूस केस. फुलाला दोन ठळक निळ्या पाकळ्या आणि तिसरी बारकी. आता एक गंमत बघा. जुनं झाड असेल तर खुरप्याने अलगद खालची माती बाजूला करा. जमिनीखाली पांढुरक्या फांद्या दिसतात आणि त्यांवर न उघडणारी फुलं असतात. ती मातीतच बी धरतात. केना कितीदाही वरून कापा, तो परत येतो त्याचं कारण हे. त्याच्या दांड्याच्या प्रत्येक पेराला मुळं फुटतात हे आणखी वेगळं.

माका आणि एकदांडी यांची गल्लत व्हायला नको, पण पत्री गोळा करताना होते. एकदांडीचं, म्हणजे दगडीपाल्याचं, फूल लांब उघड्या दांड्यावर एकटं उभं असतं, मध्ये पिवळं, भोवती फिकट पाकळ्यांना टोकाशी तीन दाते. माक्याची फुलं पांढरी, बारीक, पानांच्या बगलेत, आणि तो ओलाव्याला येतो. माक्याचा दांडा मोडून बोटांत चोळा, थोड्या वेळाने बोट काळसर पडतं. एकदांडीने पडत नाही.

आंबुटीबद्दल फार लिहायला नको: तीन पर्णिका, प्रत्येक बदामाच्या आकाराची, पिवळं पाच पाकळ्यांचं फूल, चव आंबट. पिकलेल्या शेंगेला बोट लावलं की बिया उडतात. मुलांना हे झाड आधी दाखवा, बाकीची त्यांना कंटाळवाणी वाटतात.

आघाडा तर बहुतेकांना कपड्यांमुळे माहीत असतो. त्याच्या तुऱ्यावर शेंड्याकडून खाली हात फिरवला तर सरकतो, खालून वर फिरवला तर टोचतो, कारण फळं उलटी, जमिनीकडे तोंड करून बसलेली असतात. फूल नसताना समोरासमोरची पानं आणि पेराशी फुगलेला दांडा बघा.

तपासणी: एका झाडाबद्दल पाचही उत्तरं लिहून झाली आणि त्याचं फूल प्रत्यक्ष बघितलं, तरच पुढचा टप्पा. चार उत्तरं असतील तर ते झाड ‘अनोळखी’ या यादीत.

टप्पा ४: नाव पक्कं करणं

मोबाइलचं ॲप वापरा, पण सुरुवातीला नाही, शेवटी. तुमची पाच उत्तरं हातात असताना ॲपने दिलेल्या नावाच्या वर्णनाशी ती ताडून बघता येतात. उलट क्रमाने केलंत तर ॲप म्हणेल तसं दिसायला लागतं. फोटो पानाचा वेगळा, फुलाचा वेगळा आणि दांड्याच्या पेराचा वेगळा द्या. एकाच फोटोत सगळं झाड कोंबलं की ॲप अंदाजपंचे काहीतरी फेकतं.

मग दोन माणसांना स्वतंत्रपणे विचारा. एक, ज्यांनी ते वर्षानुवर्षं खाल्लंय: माळीकाका, रानभाजी विकणाऱ्या मावशी, गावाकडची आजी. दुसरे, जवळच्या महाविद्यालयातले वनस्पतिशास्त्राचे शिक्षक. पहिल्यांना विचारताना ‘हा टाकळाच ना?’ असं विचारू नका. समोरच्याचं मन मोडायला नको म्हणून ‘हो’ म्हणतात. ‘याला तुमच्याकडे काय म्हणतात आणि काय करतात?’ असं विचारा. नावं तालुक्यागणिक बदलतात, गोव्यात टाकळ्याला तायकिळो म्हणतात. नायटीलाही कुठे कुठे दुधी म्हणतात, तेव्हा नुसत्या नावावर काही ठरवू नका. कृषी विभागाचे रानभाजी महोत्सव ऑगस्टच्या सुमारास जिल्ह्याजिल्ह्यात भरतात. तिथे नमुना घेऊन जाणं सोयीचं पडतं, कारण विकणाऱ्या आणि शिजवणाऱ्या बायका एकाच ठिकाणी भेटतात.

नमुना जपायचा तर फूल-पान-मूळ असलेली छोटी डहाळी वर्तमानपत्रात पसरून वर वजन ठेवा. पावसाळ्यात कागद रोज बदलायचा, नाहीतर तिसऱ्या दिवशी बुरशी. घोळासारखं मांसल झाड नुसतं दाबून वाळत नाही, आठवड्याने उघडलं तरी जिवंत असतं. ते आधी क्षणभर उकळत्या पाण्यात बुडवून, टिपून मग दाबा. केन्याचं निळं फूल कागदात टिकणार नाही, त्याचा फोटोच घ्या.

टप्पा ५: ठेवायचं, आवरायचं की काढायचं

सगळंच राखायचं या उत्साहात दुसऱ्या वर्षी अंगणाचं रान होतं आणि मग वैतागून तणनाशक येतं. ‘तण वाईट’ म्हणणाऱ्यांइतकंच ‘सगळं निसर्गाचं, राहू द्या’ म्हणणाऱ्यांनीही नुकसान केलंय. निवड करावीच लागते.

काढायची: गाजरगवत, घाणेरी, कोकणात रानमोडी, आणि पिवळा-नारिंगी कॉसमॉस. हा शेवटचा दिसायला सुंदर आहे म्हणून लोक बी टाकतात. पुण्याच्या टेकड्यांवर त्याने काय केलंय ते सप्टेंबरात जाऊन बघा. यांच्यातलं काही तुमच्या चौकोनात नको आणि बाहेरही नको. सराट्याचे काटे पायात आणि सायकलच्या ट्यूबमध्ये जातात, मुलं खेळतात तिथून तोही काढा.

आवरून ठेवायची: केना, घोळ, हरळी, लव्हाळा, आघाडा, काटेमाठ. प्रत्येकी एक-दोन झाडं किंवा वीतभर जागा. हरळी ही मोठी अडचण आहे, कारण गणपतीला दुर्वा हव्यात आणि भाजीच्या वाफ्यात तीच नको. तिला जमिनीत मोकळं सोडूच नका, वेगळ्या कुंडीत लावा. लव्हाळा उपटताना पान हातात येतं आणि खालची गाठ राहते. खुरपं खोल घालून गाठीसकट काढा, तरी दोन-चार राहतातच.

बिनधास्त ठेवायची: एकदांडी, आंबुटी, टाकळा, कुर्डू, माका, भुईआवळा, माठ. एकदांडीवर पावसाळा संपल्यावरही फुलपाखरं येतात, बाकी फुलं सरलेली असताना. टाकळ्याची पानं कुरतडलेली दिसली तर कीड म्हणून झटकू नका, पानाखाली बघा. पिवळ्या फुलपाखरांच्या हिरव्या अळ्या तिथे असतात, पानाच्याच रंगाच्या. आंबुटीवर तर नखाएवढी निळसर फुलपाखरं अंडी घालतात. ज्या झाडाच्या पानाखाली अळी आहे ते झाड त्या वर्षी खायचं नाही, एवढा साधा नियम ठेवा.

काढलेल्या तणाचं काय करायचं इथे बरेच जण चुकतात. घोळ आणि केना उपटून तिथेच टाकले तर पावसात परत मूळ धरतात. घोळाच्या बिया तर उपटल्यावरही पिकत राहतात. कंपोस्टच्या ढिगावर टाकलं तर वर्षभराने त्याच खतातून सगळीकडे उगवतं. उन्हाळ्यात फरशीवर वाळवता येतं, पावसाळ्यात ऊन नाही. तेव्हा बादलीत पाण्याखाली बुडवून, वर दगड आणि त्यावर झाकण ठेवून तीन आठवडे कुजवा. वास भयंकर येतो, घरापासून लांब ठेवा. ते पाणी दहापट पातळ करून कुंड्यांना चालतं. फुललेलं गाजरगवत मात्र यात नको, पिशवीत बंद करून वेगळं द्या.

पत्रीसाठी: मंगळागौर, हरतालिका, गणपती यासाठी आघाडा, माका, दुर्वा लागतात आणि धोतराही लागतो. धोतरा ठेवायचा तर भाजीच्या झाडांपासून लांब आणि मुलांच्या हाताला लागणार नाही असा. एका झाडाची एक-तृतीयांशपेक्षा जास्त पानं काढू नका.

टप्पा ६: दुसरा पावसाळा, खुडणं आणि शिजवणं

आता गेल्या वर्षीची वही उघडा. ज्या क्रमांकाचं फूल बघितलं, दोघांनी नाव सांगितलं आणि कोवळ्या रूपाचा फोटो आहे, तेवढीच झाडं खायची. पहिल्यांदा एका वेळी एकच भाजी, दोन-तीन चमचे, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायचं. तीन रानभाज्या एकदम करून काही झालं तर कशाने झालं ते कळत नाही.

सावधान: घोळ, आंबुटी, माठ यांत ऑक्झलेट भरपूर असतं. मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी ती टाळावीत. गरोदर बायका, लहान मुलं आणि रक्त पातळ होण्याच्या गोळ्या घेणारे यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. भुईआवळा, पुनर्नवा वगैरेंचे रस काढून पिण्याचं खूळ तर या लेखाच्या जोरावर अजिबात करू नका. भाजी आणि औषध या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

टाकळा उगवल्यापासून दोन-तीन आठवड्यांतच घ्यायचा. पुढे त्याला उग्र वास येतो आणि तो शिजवून जात नाही. शेंडे धुऊन बारीक चिरा, लसूण-मिरचीच्या फोडणीत कांदा परता, भिजवलेली चणाडाळ किंवा मूगडाळ घाला, डाळ अर्धी शिजल्यावर पाला घाला आणि शेवटी ओलं खोबरं. कोकणात आणि गोव्यात फणसाच्या आठळ्या घालतात, त्या आधी उकडून, सोलून, ठेचून घ्या. झाकण ठेवू नका म्हणणारे आहेत आणि ठेवा म्हणणारेही. न ठेवता केली की वास कमी राहतो असा माझा कौल.

कुर्डूची पानं तुरा दिसायच्या आत खुडा. उकडून, पिळून, पाणी टाकून मग कांद्यावर परता. पिळायचं राहिलं तर चिकट होते. घोळ ताकातला, बेसन लावून, किंवा डाळीत. मुळात आंबट असल्याने चिंच आधी घालू नका, चव बघून ठरवा. केन्याच्या पानांची भजी होतात, पाठीवरची लव तळणात जाते. आंबुटी मूठभरच, चटणीत किंवा आमटीत चिंचेऐवजी.

धुण्याचं काम तीन पाण्यांनी करा आणि पहिल्या पाण्यात मीठ टाका. पावसात मातीचे शिंतोडे पानाच्या मागच्या बाजूला बसतात, तिथे गोगलगायीची पिल्लंही असतात. रानपाला कच्चा खायचा मोह पावसाळ्यात टाळा.

तपासणी: चिरण्याआधी सगळा पाला ताटात पसरून एकेक शेंडा बघा. वेगळं पान दिसलं तर ते काढून बाकी शिजवायचं, असं नाही. वेगळं पान दिसलं तर सगळं पुन्हा पहिल्यापासून निवडायचं.

टप्पा ७: नवरात्राच्या सुमारास आवराआवर

पाऊस ओसरला की बिया झपाट्याने पिकतात. आघाडा, काटेमाठ आणि गर्दी करणारा घोळ बी गळण्याआधी कापा, प्रत्येकी एक झाड ठेवा. टाकळ्याच्या लांब शेंगा तपकिरी झाल्या की हाताने तोडा, सुकल्यावर त्या तडकतात आणि बी लांब पडतं. कुर्डूचे तुरे खाली कागद धरून झटका.

बी कागदी पाकिटात ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत घाम धरतो. पाकिटावर वहीतला क्रमांक आणि तारीख लिहा. कुणाला द्यायचं असेल तर नावासोबत फुलाचा फोटोही द्या. नुसतं नाव सांगून दिलेलं बी पुढच्या घरी तिसऱ्याच नावाने रुजतं.

टाकळ्याच्या बीला कठीण कवच असतं. जूनमध्ये पेरण्याआधी खरखरीत पॉलिश पेपरवर थोडं घासलं तर एकसारखं उगवतं, नाहीतर काही याच वर्षी आणि काही दोन वर्षांनी. कुर्डूचं बी काळं, चकचकीत आणि फार बारीक. ते मातीत गाडू नका, ओल्या मातीवर भुरभुरवून हाताने नुसतं दाबा. जोराच्या सरीत वाहून जाऊ नये म्हणून पहिले चार दिवस वर गोणपाट टाका आणि मोड दिसले की त्याच दिवशी काढा.